मास्तरांचे दात

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दात बनवतात. घराच्या मागच्या अंगाला त्यांची खोली आहे. एक उंच टेबल, पॉलिशची मोटर, मेण वितळवायचा दिवा आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलने नाव. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. एवढी तोंडं उघडी आणि आवाज कुणाचाच नाही.

भावजी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात. कोण कुठल्या बाजूने चावतं, झोपेत दात कोण खातं, रागात जबडा कोण आवळतं, हे त्यांना साचा हातात घेतला की कळतं. ते बाजारात समोरून आले की ओळखीचे लोक नकळत ओठ मिटतात.

मी दातांच्या दवाखान्यात बसते. पेशंटला नंबर देते, कार्ड लिहिते, आणि डॉक्टरीणबाईंनी घेतलेली तोंडाची मापं डबीत घालून भावजींकडे पोचवते. तयार कवळ्या परत आणते. तेव्हा पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून इकडून तिकडे गेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

आमच्या गावात तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या दोन मंडळ्या होत्या, वरची आणि खालची. वरची टेकाडावर, दगडी देवळात. खालची मोठ्या रस्त्याला लागून, फर्निचरच्या जुन्या गोदामात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. प्रभू एकच, शास्त्र एकच, गाणी तीच, चालीसुद्धा त्याच. पण वरच्यांनी आणि खालच्यांनी बावीस वर्षं एकमेकांना साधा सलाम केला नव्हता. एक मंडळी रस्त्याच्या या बाजूने चालली तर दुसरी त्या बाजूने. दातांच्या दवाखान्यात शेजारी बसायची वेळ आली तर मधली खुर्ची रिकामी.

याचं मूळ भावजींच्या आईत होतं. ती वरच्या मंडळीची जुनी सभासद. प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेत सगळे मिळून द्राक्षरस घेतात ते पेले धुवायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे. मग तिचं तान्हं मूल गेलं आणि तिचा तोल ढळला. उपासनेत मध्येच हसायची, मध्येच रडायची. लोक सांभाळून घ्यायचे. वरच्या मंडळीचे कारभारी होते मास्तर, शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. त्यांचा आवाज मोठा आणि प्रार्थना त्याहून मोठी. एका रविवारी त्यांची प्रार्थना संपता संपेना, तेव्हा ही बाई उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, पुरे करा. देव बहिरा नाही."

सगळं देऊळ हसलं. लहान मुलं हसली, गाणारे हसले, म्हातारे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तेसुद्धा हसले.

महिन्याच्या आत बैठक झाली. उपासनेची शांती भंग केली म्हणून तिचं नाव सभासदांच्या यादीतून काढलं. ती तरी दर रविवारी यायची आणि बाहेर पायरीवर बसायची. दोन वर्षांनी गेली. शवपेटी देवळाशी आणली तर दाराला कुलूप. पाळक परगावी होते, किल्ली मास्तरांकडे. मास्तर देवळाच्या कचेरीच्या खिडकीत उभे राहून म्हणाले, "सभासद नव्हती. नियम सगळ्यांना सारखा."

भावजी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पेटीचा पुढचा उजवा कोपरा त्यांच्या खांद्यावर होता. त्यांचे वडील एवढंच म्हणाले, "चला." पेटी उचलली आणि सरळ कबरस्तानात नेली. त्या दिवशी मागे आलेले लोक पुन्हा टेकाड चढले नाहीत. खालची मंडळी अशी सुरू झाली.

त्या दिवसापासून भावजींनी मास्तरांवर दात धरला. एरवी सज्जन माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खालच्या मंडळीत गाणी तेच उचलायचे. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की त्यांचे ओठ मिटायचे आणि पुढच्या ओळीला उघडायचे. ताई शेजारी उभी असायची, तिला ऐकू यायचं. म्हणजे ऐकू यायचं नाही. तिने कधी विचारलं नाही.

आणि मग एका मंगळवारी मास्तर आमच्या दवाखान्यात आले.

आता शहात्तर वर्षांचे. काठी होती, आवाज मात्र तसाच. उरलेले चार दात डॉक्टरीणबाईंनी काढले, हिरड्या भरल्यावर माप घेतलं आणि डबी माझ्यापुढे ठेवली. मी नाव लिहिलं. लिहिताना हात जरा जोरात चालला. डॉक्टरीणबाई आमच्यातल्या नाहीत, वरचे-खालचे हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगू शकले असते की हे काम दुसरीकडे द्या. सांगितलं नाही.

"कुणाचं?" भावजींनी विचारलं.

"बघा की."

त्यांनी चिठ्ठी वाचली. मग बसले. प्लास्टर ओतून साचा बनवला, तो सुकेपर्यंत तिथून हलले नाहीत. सुकल्यावर तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवला. बिनदाताचा, बोडका जबडा. "याच तोंडाने," ते म्हणाले. ताई म्हणाली, त्या दिवशी ते दोन वेळा पोटभर जेवले आणि गुणगुणत हात धुतले.

कवळी बनवायची रीत अशी. आधी मेणावर दात लावतात, ते डॉक्टर पेशंटच्या तोंडात घालून बघतात, चावा बरोबर आहे ना, ओठ नीट मिटतात ना. सगळं ठीक असलं की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं. मेणाची कवळी भावजींनी अशी बनवली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, तरुण दिसताय हो मास्तर." मास्तर आरशात बघून हसले. ती कवळी परत खोलीत आली, तेव्हा भावजींनी दिवा पेटवला. पुढचे दोन दात मेणात ऊब देऊन केसभर मागे सरकवले. त्यांच्या मागची टाळू थोडी भरली. मग साच्याच्या डाव्या बाजूला, हिरडी जिथे नाजूक असते तिथे, नखाएवढी जागा खरवडली. साच्यावर खड्डा म्हणजे कवळीवर उंचवटा. तयार कवळी चकचकीत. डोळ्याला काही दिसायचं नाही. जिभेला आणि हिरडीला तेवढं कळायचं.

"रविवारी चल माझ्याबरोबर," ते मला म्हणाले.

"कुठे?"

"टेकाडावर."

बावीस वर्षांनी ते त्या दारातून आत गेले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. लोकांनी माना वळवल्या, कुजबुज झाली. मास्तर शास्त्र वाचायला उभे राहिले. पहिल्याच ओळीत 'स' आला आणि सुईच्या भोकातून वारा यावा तशी शिट्टी वाजली. पुढच्या 'श'ला पुन्हा. स्वर्ग, शांती, सत्य, येशू. शास्त्रात 'स' आणि 'श' किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींना कोपर मारून खुसखुसल्या. त्यांच्या आईने त्यांना दटावलं आणि स्वतः रुमालात तोंड खुपसलं. मास्तर थांबले, पाणी प्यायले, परत सुरू झाले. परत शिट्टी. शेवटी त्यांनी अध्याय अर्ध्यावर सोडला.

भावजींची मान खाली होती. बघणाऱ्याला वाटलं असतं प्रार्थनेत आहेत. त्यांचे खांदे हलत होते. मीही हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. टेकाड उतरताना भावजी म्हणाले, "त्या दिवशी आईवर हसले नव्हते ते. त्याच्यावर हसले होते. आज पुन्हा हसले."

मग कवळी परत आली. डावीकडे टोचतंय. डॉक्टरीणबाईंनी थोडं घासलं, तरी टोचतंय. "पहिल्या कवळीला असं होतंच, शिट्टीही जीभ सरावली की जाते," म्हणून त्यांनी डबी माझ्याकडे दिली. भावजींनी डावीकडचं टोक घासून साफ केलं आणि उजवीकडे प्लास्टिकचा थेंब चढवला. पंधरा दिवसांनी उजवीकडे टोचतंय. तेही घासलं, मग मागे. मग पुन्हा डावीकडे. "विचित्र हिरड्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. त्यांचा भावजींच्या हातावर इतका विश्वास की दोष हिरड्यांवर गेला.

तिसऱ्या खेपेला मी खोलीत शिरले तेव्हा भावजी तो थेंब चढवत होते. त्यांनी वर बघितलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

मी म्हणाले, "लवकर आटपा. डॉक्टरीणबाई डबीची वाट बघताहेत."

एवढंच. मी खालच्या मंडळीत वाढलेली मुलगी. त्या पेटीची गोष्ट मी पाळण्यात ऐकली होती. मास्तर दवाखान्यात येऊन बाकावर बसायचे, गाल बसलेले, कोट खांद्यावरून सैल लोंबणारा. दुधात भिजवलेला पाव सोडून काही खाता येत नव्हतं. मी त्यांना नंबर द्यायचे आणि मनात म्हणायचे, बसा. ती दोन वर्षं पायरीवर बसली, तुम्ही बाकावर बसा.

असे आठ महिने गेले. वरच्या देवळात शास्त्र आता दुसराच माणूस वाचायचा. भावजींच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. आणि गंमत म्हणजे त्यांची भूक काही भागत नव्हती. कवळी परत यायला आठ दिवस जास्त लागले की ते मला विचारायचे, "आला नाही का गं अजून?"

त्याच सुमारास वरच्या देवळाच्या छताच्या तुळया कुजल्याचं निघालं. नगरपालिकेच्या इंजिनियरने नोटीस लावली, आत जायचं नाही. वरची मंडळी उघड्यावर आली. त्यांचं खालच्या मंडळीला पत्र आलं, छत होईपर्यंत गोदामात बरोबर उपासना करू द्याल का?

आमचे पाळक पूर्वी बसगाड्यांचे मेकॅनिक होते. साधा माणूस, बोलणं कमी. त्यांनी पत्र वाचून दाखवलं आणि भावजी उभे राहिले.

"पत्राने नको," ते म्हणाले. "मास्तरांनी स्वतः यावं. इथे उभं राहावं. आणि तोंडाने मागावं."

'तोंडाने' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की त्याचा अर्थ मला एकटीला कळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी दुपारी बैठक ठरली. भावजींनी तो आठवडाभर दाढी करतानासुद्धा शीळ घातली.

मास्तर आले. बरोबर कुणी नाही, एकटे. गोदाम खच्चून भरलं होतं, भावजी पहिल्या रांगेत. मास्तरांनी काठी खुर्चीला टेकवली आणि म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, सर्वांस सप्रेम..."

तीन शिट्ट्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर पुन्हा म्हणाले, "सर्वांस..." आणि गोदाम हसायला लागलं. खुर्च्या हलल्या. मी भावजींकडे बघितलं. त्यांचे डोळे मास्तरांच्या तोंडावर खिळले होते, जसे कामाला बसल्यावर साच्यावर खिळतात.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, पाठ न फिरवता, सगळ्यांसमोर, दोन्ही कवळ्या तोंडातून काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि खिशात ठेवल्या. गाल आत गेले. चेहरा क्षणात दहा वर्षांनी म्हातारा झाला. हसणं थांबलं. बोडक्या तोंडाने, शब्द चिवडत ते बोलू लागले, आणि नीट ऐकायला लोकांना पुढे वाकावं लागलं.

"जागा नंतर. आधी दुसरं सांगतो. त्या दिवशी किल्ली माझ्या खिशात होती. नियमबियम काही नव्हता. ती बाई मला चारचौघांत बोलली आणि लोक हसले, ते मला सोसलं नाही. पेटी दारात होती, मी खिडकीतून बघत होतो. आणि मला बरं वाटलं." ते थांबले. "मला बरं वाटलं. हे बावीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही. एवढ्या लांब लांब प्रार्थना केल्या, त्यात हे एक वाक्य नव्हतं. तुम्ही जागा द्या, देऊ नका. मला हे सांगायचं होतं."

भावजी उठले. "झालं सांगून?" ते म्हणाले. "आता जा."

मास्तर गेले. मतं घेतली. भावजींचा हात विरोधात सगळ्यांत आधी वर गेला. पण पाच-सहा लोकांच्या फरकाने जागा द्यायचं ठरलं. माझा हात कुठे होता? खाली. बाजूने आणि विरोधात, दोन्ही वेळा खाली.

पुढच्या रविवारपासून एकत्र उपासना सुरू झाली. एकत्र म्हणजे काय, वरचे उजवीकडे, खालचे डावीकडे, भांडलेल्या व्याह्यांसारखे. गाणं एका बाजूने उचललं की दुसरी बाजू मुद्दाम संथ म्हणायची. प्रभुभोजनाचा पेला आला की भावजी तो न पिता पुढे द्यायचे. आणि जेवण त्यांना जाईना. ताईने चार दिवस बघितलं, पाचव्या दिवशी ताट ओढून घेतलं.

"अहो, काय झालंय ते सांगा, नाहीतर हे ताट इथून हलणार नाही."

त्यांनी सांगितलं. मेण, टाळू, खरवडलेला साचा, थेंब. मी तिथेच होते. ताई ऐकत राहिली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

"आठ महिने म्हाताऱ्याच्या तोंडात काटा ठेवलात आणि रविवारी माझ्या शेजारी उभं राहून गाणी म्हटलीत?"

"तू त्याची बाजू घेतेस? माझ्या आईला..."

"आईंचं नाव मध्ये आणू नका. मी लहानपणी त्यांच्याबरोबर पेले धुतलेत. एका पेल्याला चीर होती, कुणाच्या ओठाला लागेल म्हणून त्यांनी तो पेला अख्खा रविवार बाजूला ठेवला होता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू गं? डब्या कोण नेत होतं?"

भावजी म्हणाले, "तो म्हणाला, मला बरं वाटलं. तेच माझं. शब्दसुद्धा तोच. मला त्याच्यापेक्षा वेगळं व्हायचं होतं."

शनिवारी सकाळी आम्ही दोघं मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात भिंग घेऊन वाचत बसले होते. भावजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एक गोष्ट लपवली नाही. मला वाटलं होतं, मास्तर आता रडतील, भावजी पाया पडतील, आणि सगळं गोड होईल. छे! मास्तरांनी भिंग फेकलं. ते माझ्या कानाजवळून गेलं.

"आठ महिने! मी रोज प्रभूला विचारत होतो, हे दुखणं कशाचं, आणि हा तू होतास? तू?"

"हो. मी."

"मी एकदा दार लावलं रे! तू मला जेवणागणिक मारलंस! दिवसातून तीन वेळा!"

"एकदा?" भावजींचाही आवाज चढला. "दोन वर्षं ती पायरीवर बसायची, ते कुणी केलं?"

दोघं एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. मी मध्ये उभी. शेजारीपाजारी कुंपणापाशी जमले. शेवटी मास्तर काठी उगारून म्हणाले, "चालता हो. तुझ्या डॉक्टरीणबाईला सांगतो. तुझा धंदा बसवतो."

"सांगा," भावजी म्हणाले आणि वळले.

सोमवारी मास्तर येण्याआधी मीच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, माझ्यासकट. त्या खुर्चीत मागे रेलल्या. "पेशंटचं तोंड आहे ते," एवढंच म्हणाल्या. भावजींचं काम त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. माझ्याकडून डब्या काढून घेतल्या. भावजी रोज खोली झाडायचे, मोटरीला तेल द्यायचे आणि रिकाम्या टेबलाशी बसायचे.

बातमी गावभर झाली. आता दात धरायची पाळी वरच्यांची. त्यांच्यातले पंधरा-वीस जण म्हणाले, असल्या लोकांच्या छताखाली बसण्यापेक्षा झाडाखाली बसू. खालचे म्हणाले, जा, आम्ही कुठे आमंत्रण दिलं होतं. पाळक दोन्हीकडे पाय झिजवत होते. मास्तर तीन रविवार आले नाहीत.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी काठीचा आवाज आला. मास्तर सरळ मागच्या खोलीत शिरले, जबड्यांनी भरलेल्या भिंतीकडे एकदा बघितलं आणि स्टुलावर बसले. खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली.

"नवं माप आहे. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आत आहे. माझ्यापुरतं काम तुला द्यायला सांगितलंय."

"दुसरे आहेत बनवणारे," भावजी म्हणाले.

"आहेत. पण दुसऱ्याची टोचली तर का टोचते ते मला कळणार नाही. तुझी टोचली तर कळेल." मग म्हणाले, "तुला माफ करावं म्हणून तीन आठवडे गुडघे टेकले. होत नाही. शब्द तोंडापर्यंत येतात आणि राग वर चढतो. म्हटलं, आधी जाऊन तोंड उघडू. बाकीचं मागून येईल तेव्हा येईल."

आणि त्यांनी तोंड उघडलं.

भावजींनी आजवर त्यांचं तोंड आतून प्लास्टरमध्येच बघितलं होतं. साच्यावर जखम उमटत नाही. ते दिवा घेऊन वाकले. डावीकडे, उजवीकडे, मागे, जिथे जिथे त्यांनी थेंब चढवला होता तिथे तिथे पांढरट चट्टे, कडेने लाल, काही अजून न भरलेले. त्यांनी दिवा ठेवला. मोटरीशी गेले आणि ती चालू केली. चाकाला काही लावलं नव्हतं. मोटर नुसतीच घरघरत राहिली आणि ते आमच्याकडे पाठ करून तिच्यापुढे उभे राहिले.

ती कवळी अकरा बैठकांत झाली. हिरड्या भरेपर्यंत थांबले, मग मेण लावलं. मास्तर दर बैठकीला डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवून यायचे, मग चाव्याच्या खुणा उमटवणारा निळा कागद चावायचे, 'स' म्हणून दाखवायचे, आणि भावजी पुन्हा घासायचे. पहिल्या दोन बैठकांत कामापलीकडे शब्द नाही. तिसरीत भांडण झालं, मास्तर उठून गेले, दुसऱ्या दिवशी आले. पाचवीत मास्तर म्हणाले, "तुझ्या आईचं नाव यादीत परत घालायचं म्हणतोय."

"नको," भावजी म्हणाले. "तिला तुमच्या यादीची गरज नाही. तोंड उघडा."

आठवीत मास्तर एकदम म्हणाले, "खरं सांगू? त्या दिवशी प्रार्थना लांबच होती. पुढचं सुचत नव्हतं म्हणून मी ताणत होतो. तिला ते कळलं." भावजी हसले. मला वाटलं चुकून हसले, पण मग दोघंही हसले, एकाला दात होते आणि एकाला नव्हते.

मास्तर नवी कवळी घालून गोदामात आले त्या रविवारी डावीकडे, भावजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. वरचे बघत राहिले, खालचे बघत राहिले. पेला आला. मास्तरांनी तो घेतला, अर्धा प्यायले, आणि भावजींपुढे धरला. भावजींनी लगेच घेतला नाही. मास्तरांनी तो तसाच धरून ठेवला. मग भावजी प्यायले. झाडाखाली बसणारे त्यानंतर एकेक करून आत आले. सगळे नाही.

छत वर्षभराने झालं. तोवर कोण वरचा आणि कोण खालचा हे सांगणं अवघड झालं होतं. गाणाऱ्यांत दोन्हीकडची मुलं होती, एक लग्नही ठरलं होतं. आता टेकाडावर उपासना होते आणि गोदामात मुलांचे वर्ग. मास्तर पुढे पाच वर्षं जगले, त्या दातांनी पोटभर जेवले आणि पूर्वीइतक्याच लांब प्रार्थना केल्या. डॉक्टरीणबाईंनी भावजींना काम परत द्यायला वर्ष लावलं. मला डब्या दिल्या त्याच्याही नंतर.

भावजी एका दिवसात बदलले असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं. त्यांना विचारा. काही सकाळी जाग येते ती पेटीच्या कोपऱ्याचं ओझं खांद्यावर घेऊनच, आणि तोच जुना राग नव्यासारखा येतो, मास्तर गेल्यावरही. मग ते ताईला सांगतात, "आज आलाय." ती म्हणते, "बरं." आणि ते कामाला बसतात. पूर्वी ते कुणाला सांगत नसत, एवढाच फरक. पण एवढ्या फरकाने आज दहा वर्षं निघाली आहेत.

दोन वर्षांपूर्वी मंडळीत पुन्हा वाजलं. गाण्याबरोबर ड्रम असावा की नसावा, एवढ्यावरून. एकोणीस लोक उठून निघून गेले. पाळक म्हणाले, निवळेल. भावजी म्हणाले, "असलं आपोआप निवळत नाही. मला माहीत आहे." त्यांनी सायकल काढली. दर बुधवारी एकेका घरी जाऊन बसायचे. भाषण नाही, उपदेश नाही. कुणी बोललं तर ऐकायचं, कुणी शिव्या दिल्या तर त्याही ऐकायच्या. चार महिन्यांत अठरा जण परत आले.

एकोणिसावा गावाबाहेर राहतो, गाड्यांचे टायर दुरुस्त करतो. त्याने भावजींना अजून बस म्हटलेलं नाही. पहिल्यांदा तर कुत्राच अंगावर सोडला, ताईला पँट शिवावी लागली. भावजी तरी दर बुधवारी जातात, त्याच्या कुंपणाशी सायकल लावून अर्धा तास उभे राहतात आणि येतात. ताई विचारते, "काही म्हणाला का?"

"नाही," ते म्हणाले मागच्या बुधवारी, हात धुता धुता. "पण आज कुत्रा बांधून ठेवला होता."